मेणाचे दोन फोन

माझा मामा लोकांना हसवतो आणि त्यावर त्याचं घर चालतं. असं सांगितलं की लोकांना तो नाटकात वगैरे असावा असं वाटतं, म्हणून नीट सांगते. मामा कवळ्या बनवतो. डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा घेऊन आमच्याकडे पाठवतात, मामा त्यावर गुलाबी मेणाची हिरडी करतो आणि तिच्यात एकेक दात बसवतो. पक्की कवळी करण्याआधी ही मेणाची कवळी पेशंटच्या तोंडात बसवून बघायची असते. बाकीचे कारागीर ती डब्यात घालून पाठवून देतात. मामा स्वतः घेऊन जातो, पेशंटच्या समोर स्टूल ओढून बसतो आणि त्याला हसवतो.

"तोंड मिटल्यावर कुठलीही कवळी बरी दिसते, चिमे," तो मला सांगतो. "आणि हसा म्हटल्यावर माणूस फोटोतलं हसतो. आपल्याला सुटलेलं हसू पाहिजे. त्यात कळतं कुठला दात आगाऊ आहे ते."

मी त्याची भाची. सहा वर्षं त्याच्या हाताखाली कवळ्यांना पॉलिश करते आहे. माझं खरं नाव त्याला आठवत असेल असं मला वाटत नाही.

आमचं तीनातलं दोन वाटे काम एकट्या डॉक्टरीणबाईंकडून येतं. गेल्या महिन्यात त्यांनी दवाखाना हलवला, तोही चार तासांवरच्या गावात. मामाचे गुडघे चार तासांच्या प्रवासाला साफ नाही म्हणतात. डॉक्टरीणबाई स्वभावाने चांगल्या आहेत, पण हिशेबाने बोलतात. त्यांनी सांगितलं, "एक केस व्हिडिओ कॉलवर करून बघू. पुढच्या बुधवारी, सकाळी अकराला. पेशंट फोनसमोर मोकळं हसला तर पुढचंही सगळं काम तुमचंच. नाहीतर इथे कवळ्यांची एक लॅब आहे, माझ्या जिन्याखालीच." आणि पेशंट कोण, तर एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. दात जाऊन दोन महिने झाले होते, तेव्हापासून तोंडावर रुमाल धरून बोलायच्या. त्याआधीही कोणी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं म्हणे.

आता मामाचा फोन. तो बटणांचा होता, त्याला कॅमेरा नव्हता, आणि त्याचं पाचाचं बटण मामाने स्वतः कवळीच्या गुलाबी प्लास्टिकमधून घडवून बसवलं होतं. नवा फोन घेणं भाग होतं. हातात नऊ दिवस होते.

"अँड्रॉइड घे," मी म्हटलं. माझ्याकडे तोच आहे. वरच्या मजल्यावरच्या हिशेबनीस काकांनी जिन्यातून वाकून सांगितलं, "आयफोन घ्या, डोक्याला ताप नाही." मग आम्हा दोघांची जी जुंपली, ती मामा मान इकडून तिकडे करत पंधरा मिनिटं ऐकत होता. शेवटी त्याने एकच प्रश्न विचारला, "पण तोंडात बसवून बघितल्याशिवाय कसं सांगता येईल?"

मला तेव्हाच धोका कळायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला मोबाइलच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदार बिचारा भला माणूस. त्याने दोन्ही फोन काउंटरवर ठेवले, आणि फरक मेगापिक्सेलचा नसतो, आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा असतो, म्हणजे फोनच्या आतल्या कारभाराचा, असं छान समजावून सांगितलं. मामा अगदी विद्यार्थ्यासारखा मान हलवत होता. मग दुकानदार चार्जर शोधायला आत गेला. परत येईपर्यंत मामाने पिशवीतून रबरी वाटी काढली होती, पाण्यात ठसे घ्यायची गुलाबी पावडर कालवली होती, आणि दोन्ही फोन पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्या लगद्यात दाबून बसवले होते.

"काका, हे काय चाललंय?" दुकानदाराचा आवाज फार बारीक झाला होता.

"माप घेतोय," मामा म्हणाला. "दोन मिनिटं. हलवू नका, नाहीतर कडा बिघडते."

मी चार्जरच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचायला लागले. दोन मिनिटांनी फोन बाहेर निघाले, अगदी कोरडे आणि स्वच्छ. दुकानदाराने ते पुसून पुन्हा पुन्हा तपासले. मामा ठशांकडे बघून खूश होता.

त्या संध्याकाळपर्यंत आमच्याकडे दोन फोन तयार होते. आत प्लास्टर, वर गुलाबी मेण, आणि वजन खऱ्याइतकंच, कारण मामाने ते काट्यावर ठेवून मागून कोरून कोरून जुळवलं होतं. तोंडावर मेणाचीच छोटी चित्रं बसवली होती, कॅमेरा, फोन, व्हॉट्सअ‍ॅप. एक फोन उजव्या खिशात आणि एक डाव्या. दोन दिवस हा माणूस ते घेऊन घरभर फिरला.

"बसतायत दोन्ही," तिसऱ्या दिवशी तो म्हणाला. "आता चालवून बघायचे."

"मामा, हे मेणाचे आहेत. यांच्यात कारभारच नाही."

"म्हणून तर तू आहेस."

अशी मी अँड्रॉइड झाले. मामाने मेणाच्या चित्रावर बोट ठेवलं की काय होतं ते मी तोंडाने सांगायचं. पण मी एकटीने दोन्ही कारभार चालवणं मामाला पटेना, पक्षपात होईल म्हणाला. दुसऱ्या फोनसाठी त्याने मामीला बसवलं. मामीने उभ्या आयुष्यात आयफोन हातात धरला नव्हता. पण ती बत्तीस वर्षं पाणीपट्टीच्या खिडकीवर बसून निवृत्त झाली होती. मी तिला दहा मिनिटं समजावलं की आयफोनमध्ये बहुतेक गोष्टी एकाच ठरलेल्या पद्धतीने होतात, कंपनीने ज्याची सोय केलेली नाही ते होत नाही, आणि पुष्कळ ठिकाणी आधी परवानगी विचारतात. मामीने चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, "एवढंच ना?"

मग जे सुरू झालं त्याने आमच्या लॅबचं आठवडाभराचं काम मागे पडलं. मामा माझ्या फोनवर बोट ठेवायचा, "फोटो उघड." मी विचारायची, "कशाने उघडू? हे आहे, ते आहे, आणि फोनबरोबर आलेलं आणखी एक आहे. फक्त आत्ता की नेहमीच?" मामा गोंधळून म्हणायचा, "अगं, मला एक दात बघायचाय." मी म्हणायची, "चित्रं मोठी करू? मागचं चित्र बदलू? अक्षर कुठलं हवं? सगळं तुमच्या मनासारखं होईल, फक्त सांगा." दहा मिनिटांनी मामा घाम पुसत त्या फोनवर मेणाची एक नवी वेलबुट्टी लावत बसलेला असायचा आणि फोटो राहून गेलेला असायचा.

मग तो मामीकडे वळायचा. "फोटो उघड."

"उघडला."

"वा. आता हा त्या दुसऱ्या कप्प्यात ठेव."

"ती सोय इथे नाही."

"बरं, मागे जायचं बटण कुठंय?"

"वर डाव्या कोपऱ्यात बघा. दिसत नसेल तर कडेवरून बोट सरकवा. जोरात नको."

"मी ही चित्रं जरा माझ्या पद्धतीने लावू का?"

"कशाला? आहेत ती बरी आहेत." आणि मग चष्म्यावरून बघत, "तुम्ही कुठे आहात हे मी या कॅमेऱ्याला कळवू का? हो की नाही, एकच सांगा. मागे रांग आहे."

रांग कुठून आली ते कोणी विचारलं नाही. हसून हसून मला उचकी लागली होती. हिशेबनीस काका हा तमाशा बघायला रोज खाली यायला लागले आणि मामीला म्हणाले, "वहिनी, माझा खरा आयफोन तुमच्याइतका ठाम नाही." मामी त्या आठवड्यात दहा वर्षांनी लहान झाली. स्वयंपाक करतानासुद्धा ती आयफोन असायची. मीठ जरा कमी आहे म्हटलं तर सांगायची, हे पुढच्या अपडेटमध्ये बघू.

मामा मात्र रात्रीचं जेवण झालं की त्या मुख्याध्यापिकांची मेणाची कवळी हातात घेऊन बसायचा. एकदा म्हणाला, "फोन कुठलाही घेऊ गं. पण काचेच्या पलीकडच्या माणसाला हसवायचं कसं? मी तिथे असणार नाही. माझं स्टूल तिथे असणार नाही." सदुसष्ट वर्षांच्या माणसाला घरी बसायला लागलं तर तो कसा दिसेल, ते मी उगाच डोळ्यांसमोर आणून बघितलं आणि मला रडू आलं.

सोमवारी कवळी डॉक्टरीणबाईंकडे रवाना केली आणि मंगळवारी आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने आम्हाला बघितल्याबरोबर काउंटरवरचे सगळे फोन कपाटात ठेवले. मामाने पिशवी उलटी करून दाखवली, आज पावडर नाही. मग दोन्ही खरे फोन हातात घेऊन त्याने अर्धा तास लावला. व्हॉट्सअ‍ॅप तर दोन्हींवर सारखंच होतं, त्यामुळे प्रश्न खरोखर कारभाराचाच उरला होता. मला वाटलं, हा आयफोन घेणार. मामी तर धरूनच चालली होती, नवी साडी नेसून आली होती.

"अँड्रॉइड," मामा म्हणाला.

मामीचा चेहरा पडला. "का हो? मी कुठे चुकले?"

"कुठेही नाही," मामा म्हणाला. "पण घरात एक आहे ना."

दुकानदार पावती लिहिता लिहिता थांबला आणि पाठ करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. मामी घरी पोहोचेपर्यंत कोणाशीही बोलली नाही. मामाने खूप आर्जवं केली. ती एवढंच म्हणाली, "ती सोय आता बंद आहे."

बुधवारी अकरा वाजता फोन वाजला. मामाने हिरव्यावर बोट ठेवलं आणि समोर डॉक्टरीणबाईंचा नवा दवाखाना दिसला. खुर्चीत मुख्याध्यापिका. पाठ ताठ, तोंड मिटलेलं, रुमाल मुठीत. मेणाची कवळी आत बसवून झाली होती.

"नमस्कार बाई," मामा म्हणाला.

त्यांनी मान हलवली. मामाने आपली ठेवणीतली गोष्ट काढली, ज्यात एक माणूस कवळी घालून झोपतो आणि स्वप्नात स्वतःलाच चावतो. या गोष्टीला हसला नाही असा पेशंट मी पाहिलेला नाही. मुख्याध्यापिकांनी ती उत्तरपत्रिका तपासावी तशी ऐकली. मग मामाने शेजाऱ्याच्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. त्यातही काही नाही. डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, ते आम्हाला दिसलं. मामाच्या कपाळावर घाम आला होता.

"मी तुम्हाला वहीतलं माप दाखवतो," तो घाईघाईने म्हणाला. दाखवायला मागचा कॅमेरा लागणार होता. त्याने एका चित्रावर बोट ठेवलं. काहीच झालं नाही. आठवडाभराची सवय होती, म्हणून बोट तसंच ठेवून तो मोठ्याने म्हणाला, "कॅमेरा फिरव." आणि वाट बघत बसला.

मी तोंड उघडणार, एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. कालपासून बंद असलेला.

"फिरवते. पण आधी परवानगी. हो की नाही, एकच सांगा. मागे रांग आहे."

मामाच्या तोंडून चटकन निघून गेलं, "हो, हो."

फोनमधल्या मुख्याध्यापिका पुढे वाकल्या. "कोण बोललं ते?"

मामाने नव्या फोनकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि खरं ते सांगून टाकलं. "ही माझी ऑपरेटिंग सिस्टिम. फोन अँड्रॉइड आहे, पण घर हिच्यावर चालतं." आणि पुरावा म्हणून खिशातून गुलाबी मेणाचा आयफोन काढून काचेसमोर धरला. "हा बघा. याला चार्जर लागत नाही. फक्त उन्हात ठेवायचा नाही."

"आणि मधे बोलायचं नाही," मामीने दारातून जोडलं.

मुख्याध्यापिकांचे ओठ आधी थरथरले. रुमाल वर निघाला, अर्ध्यात थांबला आणि मांडीवर पडला. त्या हसल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, खुर्चीचा हात धरून, खांदे उडवत, सगळे दात दाखवून हसल्या. मामा काचेला नाक लावून बघत होता. माझ्यासारखंच त्याच्याही गालांवरून पाणी वाहत होतं, पण पेन्सिल चालूच होती.

"वरचा उजवा सुळा," तो पुटपुटला. "एक मिलिमीटर. आगाऊ."

डॉक्टरीणबाई कॅमेऱ्यासमोर आल्या. त्याही अजून हसत होत्या. "कवळी परत पाठवते," त्या म्हणाल्या. "बरोबर पुढच्या दोन केसचे ठसे पण ठेवते. एक जज आहेत, तेही हसत नाहीत."

"पाठवा," मामा म्हणाला.

कॉल बंद झाला. मग मामा उठला, कोपऱ्यातलं आपलं स्टूल उचलून फोनसमोर मांडलं आणि त्याच्या शेजारी दुसरं स्टूल ओढून ठेवलं.

"आता रोज अकराला तू लागशील," तो मामीला म्हणाला. "चालेल?"

मामीने चष्मा वर सरकवला. "फक्त आत्ता की नेहमीच?"

"अगं, ते अँड्रॉइड विचारतं," मी म्हटलं.

"विचारू दे," मामा म्हणाला. "नेहमीच."