यादीत न दिसणारं पत्र

क्यूबातल्या बाराकोआच्या आमच्या इस्पितळात नेरेइदा मातोस ग्रंथालय सांभाळायची आणि इस्पितळाची ईमेलही. मी तिथे नर्स होते. साल दोन हजार तीन. तिच्या यंत्रावर माउस नव्हता. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. डॉक्टरांनी भलतीच पत्रं उघडू नयेत म्हणून तिने सेटिंगच्या फाइलीत एक ओळ लिहिली होती: यादीत फक्त वॉर्डांचे फोल्डर दिसावेत.

त्या सकाळी पाच वर्षांच्या युदेलकिसने कण्हेरीच्या बिया खाल्ल्या. डॉक्टर एलिएसेरने हवानाच्या विषतज्ज्ञांना ईमेल टाकली. दुपारी त्यांना फोन लागला. "उत्तर पाठवलंय," एवढं ऐकू आलं आणि लाइन गेली.

पोरीची नाडी चाळिसावर आली होती. "रक्तात पोटॅशियम वाढलंय," डॉक्टर म्हणाला. "मी कॅल्शियमचं इंजेक्शन भरून ठेवतो. तू पळ, नेरेइदाबाईंना विचार, पत्र आलं का. पाच मिनिटं थांबतो, जास्त नाही."

नेरेइदाने वॉर्डांचे सहाही फोल्डर उघडून पाहिले. पत्र नव्हतं.

"आलंच नसेल," मी म्हणाले.

"लाइन जायच्या आधी टपाल उतरलंय. इथेच आहे." मग तिचा हात थांबला. "अनोळखी पत्त्यावरून आलेली पत्रं आपोआप वेगळ्या फोल्डरात पडतात. तो फोल्डर यादीत दिसतच नाही. मीच लपवलाय."

"मग नाव टाकून उघड ना."

"नाव आठवत असतं तर तुझ्याशी बोलत बसले असते का?"

तिने सेटिंगची फाइल उघडली. भलतीच ओळ पुसली गेली, ईमेलचा प्रोग्रॅमच उघडेना. ती ओळ पुन्हा लिहिली, मग नेमकी ओळ काढली. मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं होतं. यादी पुन्हा उघडली ती पडदाभर. खालून तिसरा फोल्डर, त्यात हवानाचं पत्र. पहिलंच वाक्य: कॅल्शियम देऊ नका, कण्हेरीच्या विषात त्याने हृदय थांबू शकतं.

छापायला वेळ नव्हता. मी जिने उतरत ओरडतच गेले. डॉक्टरने सुई पोरीच्या हाताजवळ नेली होती. त्याने ती ताटलीत ठेवली.

पत्रातल्या औषधांनी नाडी संध्याकाळपर्यंत सत्तरवर आली. तिसऱ्या दिवशी युदेलकिसने कुकुरुचो, आमच्याकडची नारळाची मिठाई, खायला मागितली.

त्या फोल्डरात आणखी अकरा पत्रं न वाचलेली निघाली, काही वर्षभरापूर्वीची. नेरेइदाने ती छापली आणि ज्याची त्याला स्वतः नेऊन दिली. प्रत्येकाला म्हणाली, "माझ्यामुळे राहिलं." एलिएसेरचंही एक होतं. त्याने दारातच वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "बाई, आता उत्तर द्यायला उशीर झालाय." ती उरलेली पत्रं घेऊन पुढच्या वॉर्डात गेली.