पोकळ फळी

मिस्त्रींचा कान म्हणजे कान होता हो! तळ्याकाठच्या मैदानावर दर उन्हाळ्यात दहा दिवस संध्याकाळी गाणं-नाच असतो. तिकीट नाही, फाटक नाही. सतरंजी पसरा आणि बसा. त्या नाचाची लाकडी जमीन बावीस वर्षं एकच माणूस घालत आला, तो म्हणजे हे मिस्त्री. तीनशे साठ फळ्या. वर्षभर त्या गोदामात पडून असतात, दमट हवेनं फुगतात, उकाड्यानं आकसतात. पुन्हा मांडल्या की एखादी खालच्या दांडीवर नीट टेकतच नाही. वरून बघाल तर अगदी गरीब गाय. पण नाचणारीनं उडी मारून पाय टेकला की ती दबते, स्क्रूचं डोकं वर येतं, आणि मग अनवाणी पायाचं काय होतं ते मी सांगायला नको.

म्हणून मिस्त्री एकेका फळीवर टाच आपटून बघत. टेकलेली फळी 'ठक' म्हणते, पोकळ फळी 'डब' म्हणते. पोकळ सापडली की तिच्याखाली पाचर ठोकायची. बावीस वर्षांत एकाही पायाला ओरखडा आला नाही. उत्सवाच्या व्यवस्थापक बाई पाहुण्यांना सांगत, "आमच्याकडे यंत्र नाही, मिस्त्रींचा कान आहे." मिस्त्री तिथं "छे छे" म्हणत आणि घरी येऊन बायकोला ते वाक्य तीनदा ऐकवत.

आणि गेल्या वर्षभरात नेमका तोच कान दगा देऊ लागला. एक नव्हे, दोन्ही. आधी दारावरची घंटा ऐकू येईना, मग माणसांचं बोलणं उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखं यायला लागलं. कुणाला सांगितलं का? नाव नको. मोडेन पण वाकणार नाही, असली ही जात! पेपर तोंडापुढे धरायचा आणि कुणी काही विचारलं की "बघू" म्हणायचं. हे "बघू" दहापैकी आठ ठिकाणी खपतं. उरलेल्या दोन ठिकाणी माणूस तुसडा ठरतो. जावयानं एकदा किती वाजले म्हणून विचारलं, तर त्यालाही "बघू". हळूहळू बायकोनं बोलणंच टाकलं. मिस्त्रींना वाटलं, बरं झालं, सुंठेवाचून खोकला गेला.

यंदा पहिल्याच दिवशी, दुपारी दोनला, शेवटचा स्क्रू बसला. पाचला मुली तालमीला येणार होत्या. मिस्त्री टाचा आपटत निघाले. पहिली रांग ठीक, दुसरी ठीक, सगळ्याच्या सगळ्या तीनशे साठ फळ्या एकसारख्या! आधी गडी खूश झाला. मग त्याची टाच हवेतच थांबली. दरवर्षी सात-आठ तरी पोकळ निघायच्याच. फळ्या काही एका वर्षात शहाण्या झाल्या नव्हत्या. त्याचा कानच गेला होता.

त्यांनी पुन्हा सगळी जमीन आपटून काढली. टाच सुजली, बाकी काही नाही. लांबून व्यवस्थापक बाईंनी हात हलवून विचारलं, झालं ना? मिस्त्रींनी पाणी पिण्याचं निमित्त करून पाठ फिरवली. हो म्हणावं तर कुणाच्या तरी पोरीचा घोटा जायचा. नाही म्हणावं तर का ते सांगावं लागणार, आणि मग बावीस वर्षांची इभ्रत मातीत.

तेवढ्यात बायको विसरलेला डबा घेऊन आली. डबा कडेला ठेवला आणि एक शब्द न बोलता परत निघाली.

"अगं, थांब," मिस्त्री म्हणाले. "चपला काढ आणि वर ये."

"मी? नाचू की काय या वयात?"

हे त्यांना ऐकू आलं नाही, पण चेहऱ्यावरून कळलं. "प्रत्येक फळीवर टाच आपट. कुठं वेगळा आवाज आला तर सांग."

"आणि तुमचे कान कुठं गहाण पडलेत?" तिनं स्वतःच्या कानाला हात लावून विचारलं.

मिस्त्री तिच्याजवळ सरकले. "मला ऐकू येत नाही," ते म्हणाले.

आता बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा ते कुठून कळणार? त्यांच्या मते ते कुजबुजले होते. शिडीवरच्या वायरमननं मान वळवली, पाहुण्यांसाठी खुर्च्या लावणारे थबकले, आणि व्यवस्थापक बाई हातातले कागद सावरत धावत आल्या. झाली दवंडी!

बायकोनं मोठ्यानं विचारलं, "कधीपासून?"

"वर्ष झालं."

तिनं पदर खोचला. चपला काढल्या, वर चढली आणि टाचा आपटायला लागली. जोरात, मन लावून, कुणाला तरी तुडवत असल्यासारखी. "ही," ती बोट दाखवायची. "ही पण." मिस्त्री गुडघ्यावर बसून पाचरा ठोकत मागून सरकत होते. नऊ निघाल्या. नववी अगदी मधोमध होती, जिथं सगळ्यांत उंच उडी पडते. ती बघून मिस्त्रींना दरदरून घाम फुटला.

व्यवस्थापक बाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं, सावकाश म्हणाल्या, "मिस्त्री, हो म्हणून मोकळे झाला असतात तर मी तुम्हाला जन्मात माफ केलं नसतं. पुढच्या वर्षी जोडीनं या. आणि आधी कानाच्या डॉक्टरकडे जा."

मिस्त्रींच्या छातीवरचा धोंडा उतरला. पण अर्धाच. बायको अजून गप्प होती. वर्षभर फसवलं म्हणून संतापली असणार, आणि चुकलं काय तिचं?

ऊन उतरलं, गवतावर माणसांची गर्दी झाली. ढोल सुरू झाले, मुली जमिनीवर आल्या. मधोमध ती उंच उडी पडली, आणि मुलगी हसतच पुढं सरकली. मिस्त्रींनी डोळे पुसले. तेव्हा बायको शेजारी सरकली, त्यांचा कान हातानं स्वतःकडे ओढला आणि त्यात ओरडून म्हणाली,

"मला वाटलं होतं, तुमचं माझ्यावरचं मन उडालं. वर्षभर रोज रात्री रडले मी. आणि तुम्ही नुसते बहिरे होय! अहो, सुटले मी!"

पुढच्या रांगेतली चार माणसं वळून बघायला लागली. मिस्त्रींना एकूण एक शब्द ऐकू आला होता. तरी त्यांनी दुसरा कान पुढं केला आणि म्हणाले, "पुन्हा सांग."