तिथी नसलेला माणूस

आज सकाळी वहिनी अंगणात उलट्या ठेवलेल्या होडीला तेल लावत होती. ही होडी मोठ्या भावाची. गेल्या वर्षी दादा तिच्यातून एकटाच समुद्रात गेला. होडी खाडीच्या तोंडाशी रिकामी सापडली, दादा सापडला नाही.

पितृपक्ष जवळ आला म्हणून भटजी विचारायला आले होते, “तिथी कोणती धरायची?”

मी म्हणालो, “तिथी ठाऊक नसली तर सर्वपित्री अमावास्या असतेच.”

वहिनी हात न थांबवता म्हणाली, “भावजी, ती मेलेल्यांची. यांचं काय झालं ते कळलंय तुम्हाला?”

भटजी चहा घेऊन निघून गेले.

पंचांगात माणसाला एक दिवस मिळाला की बाकीचे दिवस आपल्याला परत मिळतात. त्या दिवशी पान वाढावं, रडावं आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागावं. मला तो एक दिवस हवा होता. वहिनीला तो नको होता, कारण तेवढ्यावर दादा संपला असता.

मी फडकं घेऊन होडीच्या दुसऱ्या बाजूला बसलो.

“फळ्यांच्या फटींत नीट मुरू द्या,” वहिनी म्हणाली. “आल्यावर ओरडतील.”

मी फडक्यावर आणखी तेल घेतलं.