पहिला ट्रक

माझ्या पीएच.डी.च्या प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न होता, ‘आपण या गावात कधी आलात?’ गाईडनी त्यावर बरोबरची खूण केली होती. इतिहासाच्या माणसाला याहून साधा प्रश्न सुचणार नाही. मुलचेऱ्याकडच्या त्या बंगाली गावात हाच प्रश्न लोकांना सगळ्यात जास्त घाबरवणारा आहे, हे मला कळायला फार वेळ लागला. खरं म्हणजे कळायला लागलं होतं, तरी मी तो विचारत राहिलो.

मी गडचिरोलीत एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो. घर वडशाकडचं, धानाची शेती. चाळिशी उलटून गेल्यावर पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय असा की फाळणीनंतर पूर्व बंगालमधून जी माणसं आली, ज्यांना रायपूरकडच्या छावणीत ठेवून पुढे आपल्या जंगलात आणून वसवलं, त्यांच्या एका गावाचा मौखिक इतिहास. कागद फारसे नव्हते, म्हणून माणसांना विचारायचं ठरलं.

सुट्टी मिळाली की चामोर्शीवरून जाणारी एसटी पकडायचो. एकदा वाटेत पोलीस कॅम्पजवळ गाडी थांबवून झडती झाली. जवानानं माझ्या पिशवीतली प्रश्नावली काढून वाचली. नाव, वडिलांचं नाव, जन्मगाव, कधी आलात, सोबत कोण होतं.

‘सर्व्हे करून राह्यले का?’

‘नाही, संशोधन.’

‘तेच ते,’ म्हणून त्यानं कागद परत दिला. तेव्हा मला हसू आलं होतं.

गावात मला सांभाळून घेणारा माणूस म्हणजे चौकातला दुकानदार. किराणा, मासे धरायची जाळी, खताची पोती, सगळं एकाच छपराखाली. वयानं माझ्याएवढाच, पण सगळा गाव त्याला दादा म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागलो. घरी बंगाली आणि आमच्याशी अस्सल झाडी बोली, असं त्याचं बोलणं. मी उतरलो की तो दुकान बायकोवर टाकून माझ्यासोबत निघायचा.

‘तुमाले कुत्रे चावतील, सर. इथचे कुत्रे मास्तर ओळखत नाई.’

आणि कोणत्याही घरी आधी तो एकटा जायचा. ‘घरी हायेत का पाहून येतो.’ मी रस्त्यावर उभा. मग आतून हाक यायची. आत गेलो की खुर्ची पुसलेली असायची, चहा ठेवलेला असायचा आणि म्हातारा माणूस पाठ केल्यासारखा सुरू व्हायचा.

‘आमी पहिल्या ट्रकनं आलो. पाऊस होता. ड्रायव्हर सरदारजी होता. नाल्यात ट्रक फसला, मंग सगळ्यायनं उतरून ढकलला.’

पहिल्या घरी मी हे आनंदानं लिहून घेतलं. दुसऱ्या घरीही तेच. पाऊस, सरदारजी, नाला. पुढच्या गल्लीत तेच. गावाची आठवण सामुदायिक असते, असं मी माझ्या टिपणात लिहिलं आणि स्वतःवर खूश झालो. पण मग माझ्याहून लहान दिसणारा एक सायकलदुरुस्तीवाला म्हणाला, ‘म्या बी ढकलला.’

‘तुम्ही तेव्हा जन्मला होता?’

त्यानं दादाकडे पाहिलं. दादा खोकला.

‘म्हंजे बापानं ढकलला,’ सायकलवाला म्हणाला. ‘मी त्याच्यातच आलो ना.’

त्या दिवशी परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात किडा शिरला. एका ट्रकमध्ये अख्खं गाव कसं मावलं? दुसऱ्या ट्रकनं कोणीच कसं आलं नाही? आणि दादा आधी आत जाऊन नेमकं काय सांगतो? मी जुनी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकली. प्रत्येकात, उत्तराच्या आधी, त्याचा खोकला सापडला. कधी नसलाही असेल. पण एकदा शोधायला लागलो की सापडतोच.

बायकोला सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘तुमी तिथी इतिहास लिहून राह्यले का चौकशी करून राह्यले?’

गाईडना सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले. ‘मग यातच तुमचा शोध आहे. सगळे तेच सांगत असतील तर त्यात नवीन काय? जो वेगळं सांगेल त्याला धरा. नाहीतर बाहेरचा परीक्षक तुमचा प्रबंध परत पाठवेल.’ मुदत संपत आली होती. आधीच एकदा वाढवून घेतलेली. कॉलेजातले लोक ‘काय डॉक्टर’ म्हणून चिमटे काढायचे. हे सगळं मी कारण म्हणून सांगतोय, असं समजू नका. किंवा समजा. कारणच आहे ते.

गावाच्या टोकाला एक म्हातारी राहायची. तिच्याकडे दादा मला कधी नेत नव्हता. ‘आजीले ऐकू येत नाई,’ म्हणायचा. पण मी तिला विहिरीवर बायकांशी बोलताना पाहिलं होतं. चांगलं ऐकू येत होतं.

आठवडी बाजाराच्या दिवशी दादा माल आणायला जायचा. तो दिवस साधून मी एक थांबा आधीच उतरलो आणि धानाच्या बांधावरून चालत मागच्या बाजूनं गावात शिरलो. चोरासारखा, असं म्हणायला हवं. आजी अंगणात सुपात डाळीच्या वड्या घालत होती. मला पाहून तिनं पदर डोक्यावर ओढला आणि रस्त्याकडे पाहिलं. माझ्यामागे दादा येतोय का, हे ती बघत होती.

‘दादा कुठी?’

मी म्हणालो, ‘दादानंच पाठवलं, आजी. म्हणाले, आजीला सांगा, सरांना सगळं खरं सांगायचं.’

एवढं वाक्य मी बोललो. ते मी वाटेत ठरवलं नव्हतं. पण जिभेवर ते तयारच होतं, त्याअर्थी आत कुठेतरी ठरलेलं असणार.

तिनं हात धुतले. माझ्यासमोर बसली. फोन मी दोघांच्या मध्ये ठेवला होता, आणि तो कशाला आहे हे तिला माहीत होतं. एवढं मात्र मी लपवलं नाही.

बंगाली, हिंदी आणि आपली झाडी असं मिसळून ती बोलत गेली. ती पहिल्या ट्रकनं आली नव्हती. कोणत्याच ट्रकनं आली नव्हती. ती मागून आली, बऱ्याच उशिरा, नवरा वाटेत गमावून, बहिणीचा पत्ता विचारत. पण बहीण छावणीतच तापानं गेली होती. गावाच्या यादीत मात्र बहिणीचं नाव होतं, घर तिच्या नावावर मांडलेलं होतं, आणि दोन लहान लेकरं होती. गावातल्या जाणत्यांनी बसून ठरवलं की ही तीच. तेव्हापासून बहिणीचं नाव हिचं झालं. लेकरं हिला आई म्हणत मोठी झाली.

‘नाव पहिल्या ट्रकनं आलं,’ ती म्हणाली, ‘मी मागून आली.’

‘आणि तुमचं नाव?’

ती थोडं हसली. ‘ते नाव तिकडेच मेलं.’

असे आणखी किती होते ते तिनं सांगितलं नाही आणि त्या क्षणी मला विचारायचं भान नव्हतं. मला फक्त कळलं होतं की अख्खं गाव पहिल्या ट्रकनं का आलं. जो कोणी मागून आला त्याला गावानं त्या ट्रकमध्ये बसवून घेतलं होतं. पाऊस, सरदारजी आणि नाला हे त्याला पाठ करून दिलं होतं. आणि आता नागरिकत्वाच्या कागदांसाठी पुन्हा कोण कधी आलं याची विचारपूस सुरू झाली असताना एक अनोळखी माणूस कागद घेऊन दारोदार तोच प्रश्न विचारत फिरत होता.

इथे एक सांगून ठेवतो. आजी आता नाही. गाव कोणतं, आजीचं त्या घराशी नातं नेमकं काय होतं, ट्रक होता की दुसरं काही, यातलं बरंच मी बदललेलं आहे. हे वाचणाऱ्यांत सगळेच चांगल्या मनानं वाचतील अशी माझी खात्री नाही.

त्या दिवशी मात्र मी हवेतच घरी आलो. दुसऱ्याच दिवशी गाईडना रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी ते दोनदा ऐकलं. ‘हे पूर्ण परिशिष्टात जाऊ द्या. नाव, फोटो, सगळं. याला म्हणतात ओरिजिनल.’ त्यांनी पेन ड्राइव्ह मागितला, मी दिला.

मग दादाचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच.

‘सर, आजी म्हणते मी पाठवलं तुमाले. मी कधी पाठवलं?’

मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही.

‘या तुमी,’ तो म्हणाला. ‘चहा प्यायला या.’

मी गेलो. दुकानात गिऱ्हाईक होतं. त्याला पाव किलो साखर बांधून देईपर्यंत दादानं माझ्याकडे पाहिलं नाही. मग स्टूल पुढे सरकवलं.

‘आमी खोटं सांगून राह्यलो हे तुमाले समजलं होतं ना?’

‘समजलं होतं.’

‘मंग काऊन थांबले नाई?’

मी म्हणालो, संशोधनात खरं शोधावं लागतं.

‘हो ना,’ तो म्हणाला. ‘खरं शोधायले खोटं बोलून आत शिरले तुमी.’ त्यानं हे रागानं म्हटलं नाही. चहात साखर किती घालायची हे विचारावं तसं म्हटलं. मग म्हणाला, ‘आजी तीन दिवसापासून जेवत नाई. तिले वाटते मीच तिले विकलं. आमच्या मायनं तिच्या हातचं खाल्लं आहे, सर.’

मी फोन काढला आणि त्याच्यासमोर रेकॉर्डिंग काढून टाकलं. त्यानं फोन हातात घेऊन नीट पाहिलं. त्याला ते कसं तपासायचं हे माहीत होतं.

‘दुसरीकडं कुठी नाई ना?’

‘नाही,’ मी म्हणालो.

पेन ड्राइव्ह गाईडकडे होता.

तिथून आजीकडे गेलो. तिनं दार लावून घेतलेलं होतं. आतून हालचाल ऐकू येत होती. मी अंगणात उभं राहून माफी मागितली, मराठीत मागितली, मग हिंदीत मागितली. वड्यांचं सूप उन्हात तसंच पडलेलं होतं. दार उघडलं नाही. नंतरही कधी उघडलं नाही.

गाईडकडून पेन ड्राइव्ह परत मिळवायला मला खूप दिवस लागले. आधी ते म्हणाले, कपाटात आहे. मग म्हणाले, मुलानं घेतला असेल. मग एकदा अचानक टेबलावर ठेवून म्हणाले, ‘घ्या तुमचं सोनं. भावनिक होऊन पीएच.डी. होत नसते.’ मी विचारलं, ‘सर, कॉपी तर नाही ना केली?’ त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला खाली बघावं लागलं. पण त्यांनी ‘नाही’ म्हटलं नाही. अपमान झाल्यामुळे बोलले नसतील, किंवा दुसऱ्या कारणानं. आजपर्यंत मला ठरवता आलेलं नाही.

प्रबंधातलं ते प्रकरण मी पुन्हा लिहिलं. त्यात आजी नाही. ‘गावातील सर्व कुटुंबे आपण पहिल्या ट्रकने आल्याचे सांगतात,’ एवढं एक वाक्य आहे. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. गाईडनी सही केली, पण म्हणाले, ‘परीक्षक इथेच पकडेल तुम्हाला.’

आमच्याकडे प्रबंधाची तोंडी परीक्षा खुली असते. कोणीही येऊन बसू शकतं. सहसा मुलं, नातेवाईक आणि चहासाठी आलेले प्राध्यापक असतात. मी पडद्यावर पहिलं चित्र दाखवलं आणि दिसलं की शेवटच्या रांगेत दादा बसलाय. पांढरा शर्ट इस्त्री केलेला. मी त्याला बोलावलं नव्हतं. नोटीस त्यानं कुठे वाचली, कोणी सांगितली, देव जाणे. तो मला शुभेच्छा द्यायला आलेला नव्हता, एवढं नक्की. मी काय बोलतो ते ऐकायला आला होता.

परीक्षक सज्जन होते, वाचून आले होते. त्यांनी नेमकं तेच पान काढलं.

‘सर्व कुटुंबे पहिल्या ट्रकने आली, असं तुम्ही लिहिलंय. एक ट्रक. अख्खं गाव. तुम्हाला संशय आला नाही?’

गाईड समोरच्या कागदाकडे बघत राहिले. मागे कोणीतरी खोकलं. दादाच असेल असं नाही.

‘लोक दाटीवाटीनं बसले होते, सर,’ मी म्हणालो. ‘पाऊस होता. नाल्यात ट्रक फसला तेव्हा सगळ्यांनी उतरून ढकलला.’

सभागृह हसलं. परीक्षकही हसले, पण त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि पेनानं काहीतरी लिहिलं. ‘स्रोतांची चिकित्सा कमी पडते,’ असा शेरा त्यांच्या अहवालात आला. पदवी मिळाली.

चहाच्या टेबलाकडे सगळे वळले तेव्हा दादा दारातून बाहेर पडत होता. मी धावत जाऊन त्याला गाठलं. पेढा पुढे केला. त्यानं तो घेतला, खाल्ला नाही, रुमालात बांधला.

‘चांगलं बोलले,’ तो म्हणाला. मग आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. ‘ते दुसरीकडं कुठी नाई ना, सर?’

मी म्हणालो, ‘नाही.’

त्यानं मान डोलावली आणि बसस्टँडकडे निघाला. त्याचा विश्वास बसला की नाही मला कळलं नाही. माझा बसलेला नाही.