दादासाठी मोठं चित्र

तिला आम्ही ठिणगी म्हणतो. कॉलेजच्या रोबोट संघात कॅमेऱ्याचं काम तिचं. रोबोट चालवायचा तिचा मोठा भाऊ.

दादाची नजर दिवसेंदिवस विझत चालली आहे. डॉक्टरांनी हात टेकले. घरी हा विषय कोणी काढत नाही. जेवताना आई पाण्याचा पेला तेवढा त्याच्या हाताशी सरकवते.

मैदानाचं दूरचं टोक त्याला दिसत नाही. स्पर्धेत रोबोटने कड्या अडकवायचा खांब नेमका तिथेच. म्हणून ठिणगीने रोबोटवरच्या कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपवर मोठं, लख्ख करून दिलं. स्क्रीनला नाक लावून दादा रोबोट चालवायचा. स्पर्धेच्या सकाळी कर्णधाराने बजावलं की आज हरलो तर चालक बदलणार. दादा म्हणाला, मग मला झाडायला ठेवा, तेवढं चाचपून जमेल. हसावं की नाही, कोणाला कळेना.

कार्यशाळेत सगळं सुरळीत चालायचं. तिथलं नेटवर्क आमचंच होतं. स्पर्धेत ते आयोजकांचं, आणि प्रत्येक रोबोटला त्यातला ठरावीकच वाटा. ठिणगीने हिशेब केला होता, पण एकाच, साध्या आकाराच्या चित्राचा. दादासाठी ती तेच चित्र दुसऱ्या खिडकीत आणखी मोठं करून उघडायची. म्हणजे रोबोट ते दोनदा पाठवत होता. हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

पहिल्या सामन्यात चित्र मागे पडलं. रोबोट खांबावर आदळला, तरी स्क्रीनवर खांब लांबच होता. दादा पुढे दामटत राहिला. हरलो. कर्णधाराने अजून एक सामना दिला.

ठिणगीने दुसरी खिडकी बंद केली. तरीही उरलेलं एकटं मोठं चित्रही वाट्यात मावेना, अडखळत होतं. लहान केलं, तर दादाला नुसता धुरकट डाग दिसे. तिने ते वाढवलं, कमी केलं, पुन्हा वाढवलं.

एकच वाट उरली होती. चित्र पाठवायचंच नाही. रोबोटवरच्या छोट्या कॉम्प्युटरने स्वतः खांब ओळखायचा, स्वतः नेम धरायचा. तो प्रोग्राम तिने केव्हाच लिहिला होता. दादाला सांगितलं नव्हतं.

"खांबाच्या दिशेने ने आणि बटण दाबून धर. बाकी तो करेल."

"आणि मी काय बघू?"

तिने लॅपटॉपवरची उरलेली खिडकीही बंद केली.

"सांग ना. स्क्रीनवर काय असेल?"

"काही नसेल, दादा."

सामना सुरू झाला. दादाने सवयीने रोबोट अर्ध्यापर्यंत नेला आणि बटण दाबलं. रोबोट आपला आपण वळला. एकेक कडी जागेवर बसली. दादा काळ्या स्क्रीनसमोर उभा होता. बटणावरचं त्याचं नख पांढरं पडलं होतं.

जिंकलो. कर्णधाराने त्याला मिठी मारली, जागा पक्की म्हणाला.

दादाने टेबलाची कड हाताने शोधली आणि कंट्रोलर तिथे ठेवला.

"बटण कोणीही धरेल," तो ठिणगीला म्हणाला. "मोठं चित्र परत देता येईल का? खरं सांग."

तिने नकारार्थी मान हलवली. त्याला ते दिसलं नाही. तो वाट बघत राहिला.

"बोल की गं."

मग तिला ते तोंडाने म्हणावं लागलं.