सतरा ठिपके एकाच कौलावर

फोटो काढायच्या आधी काका दोन्ही हात लुंगीला पुसत, काखेतला स्टीलचा डबा पोटाशी धरत आणि घट्ट बसलेलं झाकण उपटून आतला मोबाइल बाहेर काढत. खाऱ्या वाऱ्यानं त्यांचे आधीचे दोन फोन खाल्ले होते. "याला मीठ बाधतं गो," ते म्हणायचे. "आमाला काय, आमी मुरलेलं लोनचं."

काका माझ्या नात्यातले नव्हेत. धरमतरच्या खाडीकाठी, बांधावरच्या उघाडीवर त्यांची राखण होती. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ओहोटीला उघडून शेतातलं पाणी खाडीत सोडायचं, भरतीला बंद करून खारं पाणी बाहेर अडवायचं. त्याआधीचं आयुष्य मिठागरात गेलेलं. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. घड्याळ नसतं, पण पाणी कधी फिरणार हे त्याला विचारूनच गाव होड्या सोडतं.

मी निडीजवळच्या एका गावातली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ती चढवायला आईबापांनी काय केलं हे मी विसरलेले नाही. पदवीनंतर कंत्राटी काम मिळालं. बांधालगतच्या जागेवर भराव पडणार होता. त्याआधी तिथं कोणते प्राणी, पक्षी दिसतात त्यांचे मोबाइलनं फोटो काढायचे आणि ठिकाणासकट नोंदवायचे. पहिले पंधरा दिवस मी बगळेच टिपले.

काका ते फोटो बघून म्हणाले, "बगलं काय, एसटी स्टँडवर पन असतात. चल, तुला खरी मानसं दाखवतो."

त्यांनी मला चिखलातले पाचबोटी ठसे दाखवले, दगडावरची माशाच्या खवल्यांनी चकाकणारी विष्ठा दाखवली, आणि बांधाच्या पोटात, मुळांखाली, एक बीळ. हूद, म्हणजे पाणमांजर. "मादी हाय. पोटुशी," ते हळू आवाजात म्हणाले. जणू लेक बाळंतपणाला आली होती.

ते बीळ नोंदीत आलं, तर बांधाचा तेवढा तुकडा भरावातून सुटणार होता. नाही आलं, तर त्यावर मुरूम पडणार होता. इतकं साधं होतं ते.

हूद पहाटे बाहेर पडे आणि माझी एसटी पोचेपर्यंत परत बिळात जाई. म्हणून काका स्वतःच फोटो काढू लागले. ते फोटो मी नोंदीत चढवत असे. असे सतरा झाले. चार-पाच फोटोंत मागे उघाडी दिसत होती, तिच्या खांबावर रंगवलेला आकडासुद्धा वाचता येत होता.

रोह्याच्या ऑफिसात बैठक झाली, तिला काकांनाही बोलावलं होतं. तिथल्या साहेबांनी भिंतीवर नकाशा लावला. सतराच्या सतरा ठिपके गावात, काकांच्या घराच्या कौलावर.

"काका, पाणमांजरं तुमच्याकडं जेवायला येतात वाटतं?" साहेब म्हणाले. खोली हसली.

"येतात ना," काका म्हणाले. "पन मासं तीच आनतात."

पुन्हा हसले सगळे. मग साहेबांनी यादीतल्या सतरा ओळींवर एक तिरपी रेघ ओढली. "फोटो कुठूनही मिळवता येतात," एवढंच म्हणाले. चोर म्हणाले नाहीत, पण खोलीत ज्याला त्याला ते ऐकू आलं. मलाही आलं. मी उठून उघाडीचा आकडा दाखवायला हवा होता. मी वहीत बघत बसले. या गोष्टीचा राग मला अजून स्वतःवरच जास्त येतो.

परतीच्या गाडीत काकांनी विचारलं, "या फोनला कसं कलतं, आपन कुठं हाव ते?"

मी सांगितलं की आभाळातल्या उपग्रहांकडून. मोकळं आभाळ मिळालं, की थोड्या वेळात त्याला जागा कळते. घाई केली, तर शेवटची माहीत असलेली जागाच तो फोटोला चिकटवतो.

काका मांडीवरच्या डब्याकडे बघत राहिले. "म्हंजे सकाली ओटीवर बघून मी याला डब्यात कोंबला. डब्यात आभाल कुठलं? बांधावर काढला नि लगेच दाबला. त्या बिचाऱ्याला वाटतंय अजून ओटीवरच हाय."

आठवी शिकलेल्या माणसाला पेण येईपर्यंत जे उमगलं, ते रोज याच कामाचा पगार घेणाऱ्यांना उमगू नये? की ठिपका दिसल्यावर फोटो बघायची गरजच उरत नाही? उघाडी काही काकांच्या ओटीवर आली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून डबा घरी राहिला. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, हातात, आभाळाकडे तोंड करून. काका गुडघाभर चिखलात उभे राहत. पडद्यावरचं निळं वर्तुळ आकसेपर्यंत हलत नसत. "थांब गो, त्याला बघू दे आपल्याला." तेवढ्यात हूद निघून जाई. मग त्यांनी विष्ठेचे, ठशांचे आणि बिळाचे फोटो घेतले. "गू काय पलत नाय," ते म्हणाले. या वेळी ठिपके बांधावर पडले, बरोबर बिळापाशी. मी स्वतः रोह्याला जाऊन ते दिले.

उत्तर आलं: नोंदी द्यायची मुदत चार दिवसांपूर्वी संपली.

मुरमाचा पहिला डंपर आला तेव्हा आम्ही दोघं बांधावर होतो. काका ड्रायव्हरच्या दाराशी गेले. "एक ओहोटी थांब बाबा. आत लेकुरवाली हाय."

"साहेब ओरडतील."

"वरडू देत. पंक्चर झाला सांग."

ड्रायव्हरनं जरा वेळ पाण्याकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं. ज्यांना चार दिवस सोडता आले नाहीत, त्यांच्याच कामावरच्या माणसानं चार तास सोडले.

पाणी उतरलं. काकांनी उघाडी उचलली. बऱ्याच वेळानं मादी बिळातून बाहेर आली. एक पिल्लू तोंडात धरून ती उघाडीतून खाडीत गेली, परत आली, दुसरं नेलं. पलीकडच्या काठाला एका जागी ती शिरताना मला स्पष्ट दिसली. मी फोन वर धरला. वर्तुळ बारीक झालेलं होतं. असा फोटो मला पुन्हा मिळणार नव्हता.

काकांनी चिखलाचा पंजा पडद्यावर ठेवला.

"नको गो. सांगून बघितलं ना. आता कुनाला ठिकान सांगायचं नाय."

गेल्या वर्षी काका वारले. उघाडी त्याआधीच बुजली होती. यंदा पलीकडच्या काठाच्या पाहणीचं काम आलं आणि ते माझ्याकडेच दिलं. नमुन्यात 'पाणमांजर' असा वेगळा रकाना आहे, शेजारी ठिकाण आणि अचूकता किती मीटर, तेही विचारलं आहे. मी बाकीचे रकाने नीट भरले. तो कोरा ठेवला आणि खाली सही केली.