आपांचं गिऱ्हाईक

आपांनी दुकानात कुणाला 'काय पाहिजे?' असं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. बुलढाण्यातल्या आमच्या कापड दुकानात बाईमाणूस साडी विभागात शिरलं, की त्या गादीवरची जागा हातानं झटकायच्या आणि म्हणायच्या, "बसा जी. कोनाचं लग्न हाय?" लग्न नसलं तर लोक हसत. हसले की बसत, बसले की बोलत. काय पाहिजे ते बोलण्यातून आपोआप बाहेर येई.

आपा देऊळघाटच्या. रोज सकाळी जीपनं यायच्या, बुरखा खुंटीला अडकवायच्या, पदर खोचायच्या आणि मग सगळ्यांची चौकशी. शेठजींपासून हमालापर्यंत सगळे त्यांना आपाच, म्हणजे थोरली बहीणच, म्हणत.

मी तिथं लागले तेव्हा पहिल्यांदाच घराबाहेर कामाला निघाले होते. तीन महिन्यांत जमलं नाही तर घरी बसायचं, या अटीवर सासूबाईंनी हो म्हटलं होतं. माझं माहेर धाडचं, बोलणं खेड्यातलं. सुपरवायझरनं शिकवलेलं 'मॅडम, मी आपली काय मदत करू शकते?' हे वाक्य माझ्या तोंडी काही बसायचं नाही.

त्यात एक दिवस लग्नाचा बस्ता माझ्या वाट्याला आला. अख्खं घर खरेदीला आलेलं. गादीवर साड्यांचा डोंगर झाला आणि मंडळी 'येतो जरा फिरून' म्हणत उठून गेली ती गेलीच. सुपरवायझर मला सगळ्यांदेखत बोलला. मी त्या ढिगाआड मान खाली घालून बसले. आपा शेजारी येऊन बसल्या, घड्या घालू लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "गिऱ्हाईक गेलं. पन तू कुठं गेली होती?"

मला कळेना.

"साड्या दाखवून राह्यली होती, पन तू नव्हतीच तिथं. नुसतं म्याडम-म्याडम. घरी पाहुणे आले तं अशीच बोलतं काय? धाडची हायेस ना? मंग धाडवानी बोल. लोकाईले समजते."

दुसऱ्या दिवशी एक म्हातारी आली. मी धीर करून म्हटलं, "बसा मावशी, लय ऊन लागलं ना?" मावशी बसल्या, सुनेच्या कागाळ्या सांगितल्या आणि जाताना एक नऊवारी घेऊन गेल्या. एकच. पण आपांनी सगळ्या स्टाफला स्वतःकडून चहा सांगितला. "पोरीचं तोंड उघडलं," म्हणाल्या. दुसऱ्याची विक्री अशी चार लोकांत सांगण्याची त्यांना फार हौस. स्वतःचं मात्र कधी सांगायच्या नाहीत. तीन महिने कधी संपले, ते सासूबाईंच्याही लक्षात आलं नाही.

पुढं धाकटे शेठ गल्ल्यावर बसू लागले. माणूस वाईट नव्हता, उत्साही होता. त्यांनी भिंतीवर फलक लावला: ज्याची विक्री सगळ्यात जास्त, त्याचा फोटो. पहिला फोटो अर्थातच आपांचा लागला. पण त्या फलकानं आमच्यात काहीतरी बिघडलं. माणसं दारातूनच गिऱ्हाईक ओढू लागली. एकमेकांना साडी काढून देणं बंद झालं. डबेसुद्धा वेगवेगळे खाऊ लागलो.

आपा धाकट्या शेठांकडे गेल्या. मी तिथंच उभी होते.

"भाऊ, माहा फोटो काढून टाका."

"काऊन, आपा? चांगला नाही आला का?"

"चांगला आला. पन त्याच्याखाली उभं राहून मले कोनी साडी काढून देत नाही."

शेठांना ते लागलं. आठवड्याभरात आपांची बदली वरच्या मजल्यावर झाली. माल बदलून देण्याचं, तक्रारींचं काउंटर, जिथं जायला कुणी तयार नसे. रंग गेला, काठ उसवला, मापात चुकलं, असं म्हणत भांडायच्या तयारीनंच लोक तिथं यायचे. आम्हाला वाटलं, आपा आता काम सोडणार.

त्या सोडून गेल्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीत मी वर गेले, तर एक बाई तावातावानं बोलत होती आणि आपा हनुवटीला हात लावून ऐकत होत्या. बाई दमली, मग आपांनी साडी बदलून दिली. ती गेल्यावर मी म्हटलं, "आपा, किती ऐकून घेता?" तर म्हणाल्या, "रागावते ते आपलं गिऱ्हाईक, बेटा. परकं रागावत नाही. ते गुपचूप दुसऱ्या दुकानात जाते." हळूहळू वर भांडायला आलेल्या बाया खाली येऊन खरेदी करून जाऊ लागल्या.

ऐन लग्नसराईत खाली दोन सेल्समन एका गिऱ्हाइकावरून भांडले आणि ते कुटुंब दारातूनच परत फिरलं. धाकट्या शेठांनी ते स्वतः पाहिलं. त्या संध्याकाळी त्यांनी फलक उतरवला आणि वर जाऊन म्हणाले, "आपा, चला खाली. चुकलं माझं."

आपा हसल्या. "चुकलं गिकलं काही नाही, भाऊ. पन आता वरच बरं हाय. खाली हे पोरी करतात ना सगळं."

पुढं गुडघ्यांनी जिना चढू दिला नाही, तेव्हाच त्या घरी बसल्या.

गेल्या वर्षी एका दुपारी आपा आल्या, गिऱ्हाईक म्हणून. धाकट्या मुलीचं, रुबीनाचं लग्न ठरलं होतं. बरोबर ती, नणंद, दोन जावा. सगळा स्टाफ धावला. आपा माझ्यासमोर बसल्या आणि लाल शालूंवर लाल शालू काढायला लावू लागल्या. एकही पसंत पडेना. हा गडद, हा फिका. रुबीना मागं बसली होती.

मी म्हटलं, "आपा, रुबीनाले इचारलं का?"

आपा एकदम थांबल्या. रुबीनानं खाली बघत हळूच सांगितलं, "मले आकाशी आवडते."

"या अल्ला!" आपा कपाळाला हात लावून खळखळून हसल्या. "जल्मभर लोकाईच्या पोरींले इचारत बसली, अन् घरच्या पोरीले इचारायचं राहूनच गेलं!"

आकाशी शालू घेतला. निघताना नणंदेनं माझ्याकडे बोट करून विचारलं, "हे कोन हाय?"

आपा पायरीवर थांबल्या. "हे? साड्या दाखवते," म्हणाल्या. "लय चांगल्या दाखवते."

त्या दिवशी सुटल्यावर मी रोजच्यासारखी रिक्षा केली नाही. चालतच घरी गेले.